खारा वारा आणि काचेचा डोळा

मृगाचा पाऊस कोकणकिनाऱ्यावर उतरण्यापूर्वी रायगडच्या बंदरपट्टीत एक मोठी लगबग सुरू होते. कोळी आपले मचवे वाळूवर ओढून घेतात, घरांची शाकारणी होते, सरपण पडवीत रचले जाते, मीठ, मिरची, सुकी मासळी यांची बेगमी होते. या साऱ्या सिद्धतेस किनाऱ्यावरील लोक ‘आगोट’ म्हणतात. पुढील चार महिने समुद्र आणि आकाश ही दोन्ही आपल्यावर चालून येणार आहेत, हे जाणून केलेली ही तयारी होय. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत ही आगोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मात्र तिच्या यादीत एक वस्तू सहसा आढळत नाही. ती म्हणजे माडीवरच्या कपाटात, चामड्याच्या पेटीत ठेवलेला वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा. गणपती येतात तेव्हा कोणीतरी हौसेने ती पेटी उघडतो, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी पसरलेली पाहून हळहळतो.

ही हळहळ केवळ एका वस्तूपुरती नसते. अलीकडे जुन्या रोलफिल्मच्या कॅमेऱ्यांकडे तरुण मंडळींचे मन पुन्हा वळले आहे. मुंबईच्या जुन्या बाजारातून, घरोघरच्या माळ्यांवरून हे कॅमेरे बाहेर निघत आहेत, आणि त्यांच्या मोलाची रक्कम पाहता फसगतीचे दुःखही लहान नसते. तेव्हा या यंत्राचा आणि या किनाऱ्याचा संबंध कसा जडला, खाऱ्या वाऱ्याशी आजवर कोणी कसा झगडा दिला, हे इतिहासाच्या प्रकाशात पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रकाशचित्रणाची विद्या या प्रांती फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्ग उघडला. प्रसिद्ध प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक. वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने त्या काळी कॅमेरा हाती धरला, यावरून ही विद्या केवळ गोऱ्या साहेबांची करमणूक राहिली नव्हती, हे ध्यानी येईल.

रायगड जिल्ह्याच्या हद्दीतील घारापुरीचे बेट मुंबईच्या बंदरासमोरच असल्यामुळे तेथील लेणी प्रकाशचित्रकारांच्या दृष्टीस लवकर पडली. १८७१ साली जेम्स बर्जेस यांनी घारापुरीच्या शैलमंदिरांवर एक ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध केला. त्यातील प्रकाशचित्रे डी. एच. साइक्स यांनी घेतलेली होती. आज खिशातून यंत्र काढून क्षणात त्रिमूर्तीचे चित्र घेणाऱ्या प्रवाशास त्या कामाचे कष्ट कळणे कठीण आहे. त्या काळची प्रचलित पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, तो रुप्याच्या क्षारात बुडवावयाचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि तो सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत धुवावयाचे. एवढ्यासाठी काचा, बाटल्या, पाणी, तंबू आणि पेटीएवढा कॅमेरा हे सर्व होडीतून बेटावर न्यावे लागे. लेण्याच्या आतील अंधारात सुमारे १८ फूट उंचीची ती मूर्ती काचेवर उमटेपर्यंत कॅमेऱ्याने दीर्घकाळ स्तब्ध उभे राहावयाचे. खारा वारा तेव्हाही होताच. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकूड, कापड, पितळ आणि एखाददुसरे भिंग. बिघडण्यासारखे त्यात थोडे होते, आणि जे होते ते सुताराच्या व कासाराच्या हातचे होते.

या किनाऱ्यावरील दुसरा प्रसंग अधिक विलक्षण आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात. आरंभी ती डोळ्यांनी वाचून वहीत टिपली जात. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील क्षोभामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्याची नोंद अशीच हातांनी लिहिलेली आहे, आणि दीडशे वर्षांनंतरही जगातील शास्त्रज्ञ ती आदराने अभ्यासतात. १८७० च्या दशकाच्या आरंभी हे काम प्रकाशचित्रणाकडे सोपविण्यात आले. टांगलेल्या चुंबकास एक लहानसा आरसा जोडलेला असे. त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका, घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावरील संवेदनशील कागदावर पडे. चुंबक किंचित हलला की ठिपका हले, आणि कागद धुतल्यावर पृथ्वीच्या हालचालीची रेघ उमटे. म्हणजे तोही एक कॅमेराच. त्याचा डोळा रात्रंदिवस उघडा असे, इतकेच.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची नोंद बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेसाठी समुद्रापलीकडील अलिबागची निवड केली. तेथे १९०४ साली वेधशाळेचे काम सुरू झाले. कोकणातील काळ्या दगडात लोहचुंबकाचा अंश असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरी दगड आणविला. लोखंडास मज्जाव होता, खिळे-बिजागऱ्या तांब्यापितळेच्या. आतील खोलीचे तापमान शक्य तितके स्थिर राहावे म्हणून दुहेरी भिंती घातल्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अलिबागचे यंत्र सुरू होताच कुलाब्याचे बंद करण्यात आले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेऊन एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि नव्या यंत्राचा भरवसा पटल्यावरच जुन्यास विश्रांती मिळाली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावू लागली, तोवर अलिबागचा डोळा चांगला स्थिरावला होता.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यातही, प्रकाशचित्राचा कागद रोज बदलणे, धुणे, वाळविणे आणि जपून ठेवणे हे काम तेथील कर्मचारी कित्येक दशके करीत आले. कालांतराने अंकात्मक यंत्रे आली, पण त्या कागदी नोंदींमुळेच ही मालिका जगातील दीर्घ अशा मालिकांमध्ये गणली जाते. खाऱ्या हवेत नाजूक यंत्र टिकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर अलिबागने अशा रीतीने केव्हाच देऊन ठेवले आहे. ते टिकते, परंतु त्याच्याकडे रोज कोणीतरी पाहिले पाहिजे.

वेधशाळेची तयारी चालू असतानाच, सातासमुद्रापलीकडे, सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देणारी एक घटना घडली. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०१ साली ‘नंबर दोनची ब्राउनी’ हा पेटीकॅमेरा काढला आणि त्याच्यासाठी जी फिल्म केली तिलाच पुढे १२० हा क्रमांक मिळाला. सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीची ही फिल्म काळ्या कागदाच्या पाठीवर गुंडाळलेली असे, आणि त्या कागदावरील आकडे कॅमेऱ्याच्या पाठीमागील तांबड्या खिडकीतून दिसत. तिच्यावर ६ बाय ९ सेंटीमीटरची आठ चित्रे येत. पुढे त्याच फिल्मवर ६ बाय ६ ची बारा आणि ६ बाय साडेचारची सोळा चित्रे घेणारे कॅमेरे निघाले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, कॅमेऱ्यांच्या कित्येक जाती जन्मल्या आणि नामशेष झाल्या, पण १२० क्रमांकाची फिल्म अद्याप तयार होते. जुना कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्यास एवढा एकच मुद्दा कळला तरी पुष्कळ आहे.

या आकाराचा मोठा गुण असा की, निगेटिव्ह मोठी असल्यामुळे ती कागदावर नुसती टेकवून प्रकाशात धरली तरी पाहण्याजोगे चित्र मिळे. चित्र मोठे करण्याचे विजेचे यंत्र लागत नसे. वीज न पोहोचलेल्या गावीही दिव्याच्या उजेडात अशा छापा काढणे शक्य होते. जुन्या आल्बमांत पांढऱ्या किनारीची जी लहान लहान चित्रे दिसतात, त्यांतील बरीचशी याच पद्धतीची होत.

१९२९ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून ‘रोलायफ्लेक्स’ बाहेर पडला. त्यात एकावर एक अशी दोन भिंगे असत. वरच्या भिंगातून चित्र दिसे, खालच्यातून ते फिल्मवर उमटे. चित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान लववून, वरच्या दुधी काचेत पाही. १९३३ मध्ये त्याचा स्वस्त भाऊ ‘रोलायकॉर्ड’ आला. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने भात्याचे, घडी होऊन कोटाच्या खिशात मावणारे ‘इकोंटा’ कॅमेरे काढले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स हाती घेऊन स्वातंत्र्याच्या काळातील भारत चित्रबद्ध केला. पुढे स्वीडनचा ‘हॅसलब्लाड’ १९४८ मध्ये आणि जपानचा ‘याशिकामॅट’ १९५७ मध्ये बाजारात आला.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई पडली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. त्यानंतर परदेशी कॅमेरा ही सहज मिळणारी वस्तू राहिली नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार झालेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा, स्वस्त आणि १२० क्रमांकाच्या फिल्मवर चालणारा कॅमेरा घरोघरी गेला. उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन होऊन १९६७ पासून फिल्म काढू लागला. त्याची ‘इंदू’ छापाची फिल्म एका पिढीच्या परिचयाची होती. तो कारखानाही आता राहिलेला नाही. या दिवसांत चांगला परदेशी कॅमेरा जवळ असणारा मनुष्य तो फेकून देण्याचा विचारच करीत नसे. दुरुस्त करणे हाच धर्म होता. पुढे लहान फिल्मचे, रंगीत चित्रांचे आणि अखेर फिल्मशिवायचे युग आले, आणि हे सारे कॅमेरे चामड्याच्या पेट्यांत बंद झाले. यंत्राचा खरा वनवास येथून सुरू झाला.

कारण किनाऱ्यावर बंद पेटी हे रक्षण नव्हे, तर संकट होय. अलिबाग-मुरुडकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवा ओलाव्याने जड होते. चामडे हा ओलावा शोषून धरते. हवेतील बुरशीची बीजे भिंगावर बसतात, तेथील धुळीवर व हाताच्या तेलकट डागांवर पोसतात आणि तंतू पसरवितात. हे तंतू आम्ल सोडतात, आणि त्या आम्लाने भिंगावरील लेप व शेवटी काचही चरली जाते. आरंभीची बुरशी कसबी कारागिराच्या हातून निघते. काचेवर चर पडल्यानंतर मात्र उपाय नाही. दुसरीकडे हवेतील मीठ पोलादी स्प्रिंगांस गंज आणि पितळेस हिरवा कळंक चढविते. शटरमधील जुने तेल घट्ट होऊन गोंदासारखे चिकटते.

म्हणून विकत घेणाऱ्याने घाई करू नये. प्रथम फिल्मचा क्रमांक पाहावा. १२० असेल तर उत्तम. ६२० असेल तर फिल्म तीच, पण रीळ अधिक बारीक. ती रिळे आणि फिल्म कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली. तेव्हा १२० ची फिल्म अंधारात जुन्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. त्यानंतर शटर उघडे धरून भिंगातून एका बाजूने तिरपा उजेड पाडावा. समोरून स्वच्छ दिसणारे भिंग तिरप्या उजेडात आपले गुपित सांगते. जाळीसारखे तंतू म्हणजे बुरशी. कडेने आत सरकणारी इंद्रधनुषी छटा म्हणजे दोन काचा जोडणारा डिंक सुटत असल्याची खूण. ‘टेसार’सारख्या चार काचांच्या भिंगात अशी एक जोड असते; रोलायकॉर्डच्या साध्या ‘ट्रिओटार’मध्ये तीनही काचा सुट्या असल्यामुळे हा दोष संभवत नाही. म्हणजे महाग तेच निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही.

मग शटर चालवून पाहावे. वेगवान आकडे फसवितात. खरी परीक्षा एका सेकंदाच्या आकड्यावर होते. घड्याळाच्या काट्याशी ताडता ते अडखळले किंवा उघडेच राहिले, तर आतील तेल गोठले आहे असे समजावे. जुन्या ‘काँपुर रॅपिड’ शटरचा सर्वांत वेगवान आकडा शटर ताणण्यापूर्वीच लावावा, कारण त्यास एक निराळी बळकट स्प्रिंग असते. नंतर लावण्याची बळजबरी केल्यास आतील भाग दुखावतो. आपोआप चित्र घेण्याची जी कळ असते, तिला तर जुन्या कॅमेऱ्यात हातच लावू नये. पुष्कळ शटरे तिच्यापायीच अडून बसतात. भात्याचा कॅमेरा असल्यास अंधाऱ्या खोलीत भात्यात विजेरी धरावी. कोपऱ्यांवर चांदण्यांसारखे ठिपके दिसले, तर तितकी छिद्रे आहेत. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात, मागील झाकण उघडून फिल्मच्या जागी दुधी काच धरावी आणि वरच्या भिंगात जे स्पष्ट दिसते तेच खाली स्पष्ट दिसते की नाही, याची खात्री करून घ्यावी.

इतके झाल्यावरही मूस यांचा दंडक उपयोगी पडतो. नवीन घेतलेल्या कॅमेऱ्यावर एकदम लग्नकार्य किंवा यात्रा सोपवू नये. भरवशाचा दुसरा कॅमेरा बरोबर घेऊन एकाच दिवशी, एकाच दृश्याची चित्रे दोन्हींनी घ्यावी आणि धुऊन शेजारी शेजारी ठेवावी. कुलाबा आणि अलिबाग यांना जे दोन वर्षे करावे लागले, ते येथे एका रिळात होते. यात कंटाळा करणारास पुढे पश्चात्ताप करावा लागतो.

निगेविषयी मुख्य तत्त्व असे की, यंत्र कोरड्या हवेत राहावे आणि वापरात राहावे. आगोटीच्या दिवसांत, पहिली सर येण्यापूर्वी, कॅमेरा चामड्याच्या पेटीतून काढून ती पेटी निराळी ठेवावी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले की ओलावा भरला असे समजून ते मंद आचेवर तापवावे, आणि निळेपणा परतल्यावर पुन्हा वापरावे. त्या तव्याचा स्वयंपाकास उपयोग करू नये. हवेतील ओलावा मोजणारे लहानसे यंत्र आत ठेवल्यास काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखता येतो. साठाच्या पलीकडे बुरशीस आमंत्रण मिळू लागते. फारच कोरडे केल्यास चामडे आणि भाता तडकतात.

पावसाळ्यातही पंधरा दिवसांनी एकदा डबा उघडून शटर सर्व आकड्यांवर काही वेळा चालवावे आणि भिंग उजेडात पाहावे. समुद्रावरून आल्यावर धातूचे भाग कोरड्या मऊ कापडाने पुसावे. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढल्यास काचेवर दव साचते. म्हणून तो पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेस सरावू द्यावा. आतील आरशाचा मुलामा वरच्या बाजूस असतो. तो रुमालाने घासणे म्हणजे कायमचा पुसणे होय. आणि तेल? यंत्र अडले की घरातील शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा मोह अनेकांस होतो. त्या एका थेंबाने कारागिराचे काम दुप्पट होते, कारण तेल शटरच्या पात्यांवर पसरते आणि ती पाती एकमेकांस चिकटतात.

असे कारागीर आता थोडे उरले आहेत. मुंबईच्या फोर्टात किंवा एखाद्या गल्लीतील जिन्याखाली, हातात बारीक पेचकस घेऊन बसलेला वृद्ध गृहस्थ भेटला, तर त्याच्याशी घासाघीस करण्यापूर्वी विचार करावा. त्याच्यानंतर ते शटर उघडणारा दुसरा कोणी असेलच असे नाही. ज्यांच्या घरी तरुण, चिवट बोटांची मुले आहेत, त्यांनी एखादा निकामी ‘क्लिक थ्री’ त्यांस उघडून पाहू दिला, तर नुकसान होणार नाही. विद्या वाचली तर यंत्रे वाचतील.

अखेर, या साऱ्या खटाटोपात पणास काय लागले आहे, हे स्पष्ट असावे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची जुनी रूपे आता झपाट्याने बदलत आहेत. कौलारू घरे, बंदरे, शिडाचे मचवे, आगरांतील वाटा यांचे दर्शन घडविणाऱ्या निगेटिव्ह त्याच कपाटांत, त्याच ओलाव्यात, त्या कॅमेऱ्यांशेजारी पडलेल्या आहेत. भिंगास लागणारी बुरशी निगेटिव्हवरील सरसालाही लागते. तेव्हा यंदा आगोट भरताना ज्या श्रोत्यांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, त्यांनी ती खाली उतरवून उघडावी. आधी निगेटिव्ह कोरड्या कागदी पाकिटांत घालाव्या, मग कॅमेरा उजेडात धरावा. मृगास अद्याप अवकाश असेल, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.